गोल्फआधी खांदे आणि वरची पाठ कशी गरम करायची: व्यायाम सगळ्यांना माहीत असतात, क्रम चुकतो

पहिल्या टीच्या (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा) आजूबाजूला वॉर्म-अपच्या नावाखाली काय काय चाललेलं असतं ते जरा बघा. कोणी हात गरागरा फिरवतोय, कोणी क्लब मानेमागे अडकवून कंबरेला दोन झटके देतोय, कोणी वाकून पायाचे अंगठे धरतोय, आणि एवढं झालं की थेट ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, काढून जीव खाऊन हाणायचा. मग पहिले तीन होल चेंडू कुठेही जातो आणि चौथ्या-पाचव्या होलला म्हणायचं की आता कुठे हात सुटला. अहो तो सुटला कारण टीवर जायच्या आधी व्हायचा होता तो वॉर्म-अप तीन होल खेळता खेळता झाला, स्कोअर घालवून.

यातला कुठलाच व्यायाम तसा टाकाऊ नाही, पण थंड खांदा आधी ताणला आणि पाठ नंतर हलवली की फायदा सोडा, खांदा अजून चिडतो. म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे, काय आधी, काय नंतर, किती वेळा, आणि कुठे थांबायचं. पूर्ण वॉर्म-अपला १५ ते १७ मिनिटं लागतात.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

खांदा दुखतो म्हणून सगळे खांद्याच्याच मागे लागतात. पण बॅकस्विंगमध्ये, म्हणजे फटक्याआधी क्लब मागे नेताना, छाती जी वळते ती मुख्यतः वरच्या पाठीतून वळते, म्हणजे बरगड्या जोडलेल्या १२ मणक्यांतून. हे १२ मणके मिळून एका बाजूला साधारण ३० ते ३५ अंश वळू शकतात. त्याच्या खाली कंबरेचे ५ मणके, ते सगळे मिळून १० ते १५ अंशांच्या आसपास, बस. कंबरेची रचनाच पुढे-मागे वाकायला आहे, पिळायला नाही.

आता दिवसभर खुर्चीत वाकून बसल्यामुळे वरची पाठ आखडलेली असेल तर ती जेवढी वळत नाही तेवढं वळण दुसरं कोणीतरी देतं. एक तर कंबर देते आणि संध्याकाळी उसण भरते, नाहीतर खांदा देतो. पुढचा खांदा, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा डावा, बॅकस्विंगच्या टोकाला छातीवरून आडवा ओढला जातो. छाती कमी वळली की तो हात जास्त ओढावा लागतो. गोल्फमध्ये दुखणारा खांदा बहुतेक वेळा हाच पुढचा असतो, ते उगीच नाही.

मागच्या खांद्याचं काम वेगळं आहे, बॅकस्विंगमध्ये तो बाहेरच्या दिशेने वळतो, वेटर ट्रे धरतो साधारण तसा. म्हणजे दोन खांद्यांना दोन वेगळ्या तयाऱ्या लागतात आणि दोघांच्याही आधी पाठ मोकळी लागते. (डाव्या हाताने खेळत असाल तर पुढे जिथे डावा-उजवा येईल तिथे उलटं वाचा.)

तयारी: सामान, वेळ, कपडे

सामान फार नाही. एक आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब), एक हलका रेझिस्टन्स बँड, एक छोटा नॅपकिन, आणि टेकायला काहीतरी, मग ती उभी केलेली बॅग असो, कार्ट असो की भिंत. बँड सगळ्यात हलका जो मिळेल तो घ्या. जाड बँड घेऊन फुशारकी मारायची ही जागा नाही, आपल्याला स्नायू जागे करायचे आहेत, दमवायचे नाहीत. दमलेला रोटेटर कफ (खांद्याचा सांधा जागेवर धरणारे छोटे स्नायू) घेऊन ड्रायव्हर मारणं हे काहीच न करता मारण्यापेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळेचं गणित उलटं मांडा. टी टाइमच्या ५ मिनिटं आधी शेवटचा सराव स्विंग संपला पाहिजे, रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडू मारणार असाल तर तो वेळ वेगळा धरा. खूप आधी करून मग अर्धा तास बसून गप्पा मारल्या तर अंग परत थंड होतं आणि सगळं पहिल्यापासून.

जॅकेट किंवा स्वेटर असेल तर अंगावरच ठेवा, चौथा टप्पा होईपर्यंत काढू नका. ग्लोव्हही आत्ता नको.

आणि सुरू करण्याआधी एक मोजमाप घ्या, यावरूनच शेवटी कळेल की काही झालं की नुसता टाइमपास केला. बाकावर ताठ बसा, गुडघे एकमेकांना चिकटवून त्यांच्यामध्ये हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावरची टोपी) दाबून धरा, क्लब छातीवर आडवा आणि दोन्ही हात त्यावर फुलीसारखे. आता कंबर न हलवता उजवीकडे वळा, मग डावीकडे. क्लबचं टोक कुठे बघतंय ते लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या जवळपास जात असेल तर छान. एका बाजूला खूपच कमी जात असेल तर तिसऱ्या टप्प्यात त्या बाजूला दोन-तीन वेळा जास्त करायचं.

थांबा, हे आधी वाचा: ताण जाणवणं ठीक, ओढल्यासारखं वाटणं ठीक. पण खांद्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं, टोचल्यासारखं दुखलं, किंवा हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली तर तो व्यायाम तिथेच सोडा. खांद्याचं ऑपरेशन झालेलं असेल, खांदा निखळायची सवय असेल किंवा फ्रोझन शोल्डर असेल तर ही यादी आधी फिजिओला दाखवा आणि तो सांगेल तेवढीच करा.

टप्पा १: आधी अंग तापवा (३ ते ४ मिनिटं)

हाच टप्पा सगळे गाळतात, कारण याला व्यायाम म्हणायला लाज वाटते. नुसतं भराभर चालायचं, हात मोकळे सोडून, पुढे-मागे नीट हलवत. पार्किंगपासून बॅग घेऊन झपाझप चालत आलात तरी अर्धं काम झालं, मात्र बॅग एकाच खांद्याला लटकवून नाही, दोन्ही पट्टे लावून किंवा ट्रॉलीवर. शेवटचं एक मिनिट जागेवर गुडघे उचलत चाला आणि प्रत्येक पावलाला समोरचा हात जरा वर, खांद्याच्या उंचीपर्यंत न्या.

रक्त स्नायूंपर्यंत पोचलं, ते थोडे गरम झाले की मगच ते नीट लांबतात आणि पटकन आकुंचन पावतात. थंड असताना ताणलं तर शरीर उलट घट्ट धरून ठेवतं.

तपासा: श्वास थोडा वाढलाय पण बोलता येतंय, कपाळाला किंवा मानेला जरा ऊब जाणवतेय? मग पुढे. थंडी जास्त असेल तर इथे आणखी दोन मिनिटं द्या, ती फुकट जात नाहीत.

टप्पा २: मान आणि श्वास (१ मिनिट)

हा छोटाच आहे. स्विंगमध्ये डोकं साधारण जागेवर राहतं आणि खाली छाती वळते, म्हणजे मानेच्या दृष्टीने मानच वळतेय. मान आखडलेली असेल तर खांदे पूर्ण वळायच्या आधीच डोकं सोबत ओढलं जातं आणि मग आपण स्विंगला दोष देतो.

सरळ उभं राहा, हनुवटी किंचित आत ओढा, म्हणजे खाली नाही, मागे. तिथून हळू उजवीकडे बघा, हळू डावीकडे, ५-५ वेळा. मग ३ खोल श्वास, पोटात नाही तर बरगड्या दोन्ही बाजूंना फुगतील असे. बरगड्या हलल्या की त्यांना जोडलेले मणकेही मोकळे व्हायला लागतात. हाताने डोकं धरून ओढायचं नाही, आणि मान पूर्ण गोल गोल फिरवायची तर अजिबात नाही.

टप्पा ३: वरची पाठ (४ मिनिटं, इथे घाई करू नका)

सगळ्या वॉर्म-अपचा जीव या टप्प्यात आहे. यात तीन हालचाली आहेत आणि त्यांचाही आपसात क्रम आहे: आधी पाठ सरळ करायची, मग वळवायची. कुबड काढून बसा आणि वळून बघा, मग ताठ बसून वळून बघा, फरक लगेच कळेल. पोक काढलेली पाठ वळतच नाही.

पहिली हालचाल, छाती खाली सोडणं. बॅगेवर, कार्टच्या छतावर किंवा कमरेएवढ्या उंच कठड्यावर दोन्ही हात टेकवा, खांद्याएवढं अंतर ठेवून. पाय मागे घ्या, कुल्ले मागे ढकला, गुडघे थोडे वाकलेले, आणि हातांच्या मधून छाती हळूहळू जमिनीकडे सोडा. दोन सेकंद थांबा, वर या. ८ वेळा. ताण काखेच्या खाली आणि शोल्डर ब्लेडच्या (पाठीवरची दोन चपटी हाडं) मध्ये आला पाहिजे. कंबरेत आला तर पोट थोडं आत घ्या, तुम्ही वरच्या पाठीऐवजी कंबर वाकवताय. स्टँड असलेल्या बॅगेवर सगळा भार टाकू नका, ती सरकते आणि मग तोंडावर.

दुसरी, क्लब घेऊन वळणं. स्विंगच्या पवित्र्यात उभं राहा, क्लब छातीवर आडवा, हात फुलीसारखे. क्लब मानेमागे खांद्यांवर ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते पण ज्यांचे खांदे आधीच आखडलेत त्यांचा खांदा त्या स्थितीत सुरुवातीपासूनच ताणलेला असतो आणि डोकं पुढे ढकललं जातं, त्यामुळे पुढेच ठेवा. आता वळा, उजवीकडे, डावीकडे, ८-८ वेळा. पहिल्या दोन-तीन वेळा अर्ध्यातच, मग थोडं जास्त, शेवटच्या दोन वेळा जेवढं सहज जाईल तेवढं. प्रत्येक वेळी टोकाला श्वास सोडा, श्वास सोडला की अजून थोडं वळण मिळतं. धरून ठेवला तर बरगड्या अडतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे कुल्ले सोबत वळतात आणि वाटतं की केवढी पाठ वळली. गुडघ्यांकडे बघा, ते इकडेतिकडे पळत असतील तर बाकावर बसून करा, मघाचं हेडकव्हर परत गुडघ्यांत धरा. वळण कमी दिसेल पण ते खरं असेल.

तिसरी, हात उघडणं. पवित्रा तोच, जरा जास्त वाकलेला, डावा हात उजव्या मांडीवर गुडघ्याच्या वर टेकवा. उजवा हात समोरून उचलत आकाशाकडे उघडा आणि नजर त्या हाताच्या मागे जाऊ द्या. परत या. ६ वेळा, मग बाजू बदला. हात कुठे पोचला याला काही किंमत नाही, छाती किती उघडली ते बघा. कित्येक जण छाती जागेवर ठेवून नुसता हात मागे फेकतात, आणि खांद्याच्या पुढच्या भागाला ताण देऊन बसतात. हात सैल ठेवा, तो छातीबरोबर आपोआप जातो.

तपासा: या टप्प्यानंतर उभ्या उभ्याच एकदा हळू बॅकस्विंगसारखं वळा, क्लबशिवाय. पुढचा खांदा हनुवटीखाली यायला मघापेक्षा कमी जोर लागतोय का? नसेल तर दुसरी हालचाल पुन्हा ५-५ वेळा करा. इथला एक मिनिट पुढे खांद्यावरचा सगळा भार कमी करतो.

टप्पा ४: शोल्डर ब्लेड जागी करा (२ मिनिटं)

पाठीवरची ती दोन तिकोनी चपटी हाडं बरगड्यांवर सरकतात, आणि हात कुठेही न्यायचा तर त्याचा पाया तीच. ती सरकली नाहीत तर दंडाचं हाड खांद्याच्या छपराला घासतं.

सुरुवातीला हात बाजूला सोडून खांदे वर, मागे, खाली, पुढे असे मोठे सावकाश गोल, ५ वेळा, मग उलटे ५. हात नाही फिरवायचे, फक्त खांदे.

मग भिंतीला किंवा कार्टला हात टेकून, कोपर सरळ ठेवून, छाती पुढे सोडा म्हणजे ब्लेड एकमेकांजवळ येतील, आणि मग भिंत दूर ढकलल्यासारखी पाठ गोल करा. १० वेळा. कोपर वाकलं तर तो पुश-अप झाला, तो नकोय.

शेवटी भिंतीकडे तोंड करून, हातांची करंगळीकडची कड भिंतीला लावून हात वर सरकवा, इंग्रजी वाय अक्षरासारखे, आणि खाली आणताना कोपर खिशाकडे ओढल्यासारखे आणा. ८ वेळा. भिंत नसेल तर हवेत केलं तरी चालतं. वर जाताना खांदे कानाला चिकटले तर उंची कमी करा.

आता जॅकेट काढायला हरकत नाही.

टप्पा ५: खांद्याचा सांधा आणि रोटेटर कफ (२ ते ३ मिनिटं)

रोटेटर कफ म्हणजे चार छोटे स्नायू, दंडाच्या हाडाचा गोळा त्याच्या उथळ वाटीत नीट मधोमध धरून ठेवणारे. इम्पॅक्टनंतर, म्हणजे चेंडूला फटका बसल्यावर, हात आणि क्लब पुढे सुटलेले असतात तेव्हा त्यांना थोपवायचं काम यातले मागचे स्नायू करतात. ब्रेक तपासल्याशिवाय आपण वेग वाढवतो, आणि मग फॉलो-थ्रूमध्ये खांद्यात कळ आली की नवल वाटतं.

बँड दोन्ही हातांत, छातीसमोर, कोपर जवळपास सरळ. हळू दोन्ही बाजूंना ओढा, ब्लेड मागे जवळ येऊ द्या, आणि परत येताना बँडने तुम्हाला खेचू देऊ नका, सावकाश या. १० वेळा.

मग कोपर काटकोनात, अंगाला चिकटलेले, दोन्ही तळवे वर, बँड हातांत. कोपर न हलवता पंजे बाहेर उघडा. १० वेळा. कोपर अंगापासून सुटत असतील तर एका बाजूला काखेत नॅपकिन दाबून धरा, तो पडला म्हणजे चुकलं. नॅपकिन त्यासाठीच आणलाय.

यानंतर मागच्या हाताचा, म्हणजे उजव्याचा, खास एक. बँड कार्टच्या खांबाला कमरेच्या जरा वर अडकवा, खांबाकडे तोंड, कोपर खांद्याच्या उंचीवर बाजूला, पंजा पुढे. तिथून पंजा वर आणा, कोपर जागेवर. हीच ती ट्रे धरायची स्थिती. ८ वेळा, हलका हात. खांब नसेल तर बँडशिवाय, नुसता हात त्या मार्गाने नेला तरी पुरेसं आहे.

एक गोष्ट करू नका, ती म्हणजे क्लब दंडाच्या मागून घेऊन त्याचं खालचं टोक दुसऱ्या हाताने ओढणं, म्हणजे पंजा जबरदस्तीने मागे जातो ती. दिसायला भारी दिसते. पण क्लबच्या लांबीमुळे तुम्ही थोडं ओढलं तरी सांध्यावर कितीतरी जोर येतो, आणि तो कुठे थांबवायचा ते कळतच नाही. तंदुरुस्त खांद्याला एखाद वेळी काही होणार नाही, पण पन्नाशीनंतर किंवा जुन्या दुखण्यावर हा खेळ नको.

आता पुढचा खांदा. डावा हात छातीसमोरून आडवा घ्या, उजव्या हाताने कोपराच्या जरा वर धरा, कोपरावर नाही. छातीकडे ओढा, २-३ सेकंद, सोडा. ६ ते ८ वेळा. मग दुसरा हात, कमी वेळा चालेल. ओढताना डावा ब्लेड खाली आणि मागे ठेवायचा, खांदा वर उचलून ओढलं तर मागच्या स्नायूला काहीच मिळत नाही.

इथेच लोक एक मिनिट धरून उभे राहतात. खेळायच्या आधी एक स्नायू मिनिटभर किंवा जास्त ताणून धरला तर त्याची ताकद काही वेळ थोडी कमी होते, म्हणजे तुम्ही कष्ट करून अंतर घालवताय. लांब धरून ठेवायचे सगळे स्ट्रेच खेळ संपल्यावर किंवा घरी रात्री.

सावधान: हा हात आडवा घेताना खांद्याच्या अगदी वर, जिथे कॉलरचं हाड संपतं तिथे, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर हा व्यायाम सोडून द्या. तो तिथला छोटा सांधा दाबला जातोय, ताणून बरा होणार नाही. बॅकस्विंगच्या टोकाला पण तिथेच दुखत असेल तर काही दिवस बॅकस्विंग आखूड ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

टप्पा ६: स्विंगकडे जा, पायरी पायरीने (३ मिनिटं)

आत्तापर्यंतचं सगळं वाया घालवायचा सोपा मार्ग म्हणजे इथे थेट ड्रायव्हर काढणं.

क्लब घ्यायच्या आधी हात छातीवर ठेवून ५ वेळा पूर्ण स्विंग करा, वजन मागे, वजन पुढे, छाती शेवटी टार्गेटकडे. मग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) घ्या, कमरेपासून कमरेपर्यंत, चेंडू नाही. ५-६ वेळा. मग सात नंबरची आयर्न, पाऊण स्विंग, निम्म्या वेगाने. मग पूर्ण स्विंग ७० टक्क्यांवर. मग उलट्या बाजूने, डावखुऱ्यासारखे ५ स्विंग, हळू. ते हास्यास्पद दिसतात, दिसू द्या. आपण आयुष्यभर एकाच बाजूला पिळत असतो, दुसऱ्या बाजूला वळवलं की पाठ समतोल गरम होते आणि थोपवणारे स्नायूही जागे होतात.

आता ड्रायव्हर, पहिले दोन ७० टक्के, तिसरा ९०. पूर्ण ताकदीचा एक स्विंग हवाच असेल तर एकच.

रेंज असेल तर चेंडूही याच क्रमाने: वेज, मधली आयर्न, शेवटी ड्रायव्हर. २०-२५ चेंडू पुष्कळ झाले. अख्खी बादली संपवून पहिल्या टीवर येणारे लोक वॉर्म-अप करत नाहीत, सराव करून दमून येतात. आणि काही बिघडलंय असं वाटलं तरी रेंजवर स्विंग दुरुस्त करत बसू नका, ते काम दुसऱ्या दिवशी.

दोन क्लब एकत्र धरून फिरवायची सवय असेल तर इथे, शेवटी, आणि हळू. सुरुवातीला थंड अंगाने जड क्लब फिरवणं म्हणजे खांद्याला सरळ निमंत्रण.

शेवटची तपासणी: परत बाकावर बसा, हेडकव्हर गुडघ्यांत, वळून बघा. सुरुवातीपेक्षा क्लबचं टोक पुढे गेलं पाहिजे आणि दोन्ही बाजूंतला फरक कमी झाला पाहिजे. काहीच बदल नसेल तर नव्वद टक्के वेळा पहिला टप्पा गाळलेला असतो किंवा तिसऱ्यात कुल्ले वळलेले असतात.

उशीर झालाय, चारच मिनिटं आहेत, तर?

मग निवडून करा, सगळं थोडं थोडं नको. एक मिनिट झपाझप चालणं, एक मिनिट क्लब छातीवर ठेवून वळणं, अर्धा मिनिट बँड किंवा भिंतीवरचं ढकलणं, आणि उरलेला वेळ वेजपासून वर चढत सराव स्विंग. हात आडवा ओढणं, मान, बाकी सगळं सोडा. आणि पहिल्या टीवर ड्रायव्हरऐवजी हायब्रिड किंवा आयर्न घ्या, पाऊण ताकदीने. अंतर कमी मिळेल, पण चेंडू खेळात राहील आणि खांदाही.

नेहमी विचारतात ते

फोम रोलर चालेल का? चालेल, घरून निघताना, वरच्या पाठीखाली आडवा ठेवून एक-दोन मिनिटं, डोकं हातांनी आधार देऊन. बरगड्या संपतात तिथे थांबायचं, कंबरेखाली नाही. पण रोलर केला म्हणून तिसरा टप्पा माफ होत नाही, गाडीत बसून आलात की पाठ परत आखडते.

पायाचे अंगठे धरायचे का? खांद्यासाठी त्याचा काही उपयोग नाही, आणि सकाळी उठल्या उठल्या पाठ गोल करून खोल वाकणं कंबरेलाही मानवत नाही.

आवाज येतो, कट कट? दुखत नसेल तर येऊ द्या. दुखून येत असेल किंवा हात मध्येच अडकत असेल तर दाखवून घ्या.

मैदानावर थंड होऊ नये म्हणून

पुढचा ग्रुप हळू असला की टीवर पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागतं, आणि केलेला वॉर्म-अप हळूहळू उतरतो. थांबावं लागलं तर कार्टमध्ये बसून राहू नका, दर थोड्या वेळाने क्लब छातीवर ठेवून ५-५ वळणं, खांद्यांचे गोल, दोन हळू सराव स्विंग. नवव्या होलनंतर ब्रेक घेतलात तर तिसऱ्या टप्प्यातली दुसरी हालचाल आणि सहाव्यातले आयर्नचे स्विंग परत करा, दहाव्या टीवर लोकांचा ड्राइव्ह बिघडतो त्याचं एक कारण हेच.

नियमांची काळजी काही जणांना असते. राउंड चालू असताना बँडने किंवा कुठल्याही वस्तूने अंग ताणायला परवानगी आहे, रूल्स ऑफ गोल्फच्या ४.३ नियमात तसं सरळ लिहिलंय. पण स्विंग ट्रेनिंगचं साधन किंवा क्लबवर चढवायची वजनाची रिंग घेऊन राउंडमध्ये सराव स्विंग केला तर दंड लागतो, स्ट्रोक प्लेमध्ये २ स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये होल जातो, आणि पुन्हा तसंच केलं तर थेट बाद. म्हणजे ती रिंग पहिल्या टीच्या आधीच काढून बॅगेत टाका. दोन क्लब एकत्र फिरवायला हरकत नाही, फक्त दोन्ही तुमच्या १४ मधलेच असू द्यात.